यादीच्या आधी लागलेला फ्लेक्स

टेनिसच्या स्पर्धेत वाईल्ड कार्ड कुणाला मिळणार, हे मला यादी लागायच्या आधी कळायचं. ही काही मिरवायची विद्या नव्हे. मी मात्र ती मनसोक्त मिरवली.

ज्यांचा टेनिसशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. मोठ्या स्पर्धेत खेळाडू आपापल्या क्रमवारीवर आत जातात. पण थोड्या जागा आयोजक स्वतःच्या हातात ठेवतात आणि ज्याला द्यावीशी वाटेल त्याला देतात. का दिली हे विचारायचं नसतं, का दिली नाही हे तर मुळीच विचारायचं नसतं. पंगत भरलेली असताना यजमान ज्याला हाताला धरून आणून बसवतो, तो वाईल्ड कार्डवाला.

माझा मुलगा टेनिस खेळायचा. रोज संध्याकाळी त्याचा सराव चालायचा आणि आम्ही पालक कोर्टाबाहेर करंजाच्या झाडाखाली सिमेंटच्या बाकावर बसायचो. डबे, केळी, पाण्याच्या बाटल्या आणि गप्पा. विषय एकच, पुढच्या स्पर्धेत कुणाला काय मिळणार. पुण्यात एकमेकांच्या मुलांचं कौतुक अशा बेताने करतात की ऐकणाऱ्याने घरी जाऊन त्यावर विचार करत बसावं. आमच्या बाकावर एक निवृत्त बँक मॅनेजर नातवाला घेऊन यायचे. ते एकदा मला म्हणाले, "तुमच्या मुलाचा बॅकहँड उत्तम आहे. फक्त त्याची आणि बॉलची वेळ जुळत नाही." मी म्हटलं, "तुमच्या नातवाची जुळते, पण बॉल नेटच्या याच बाजूला राहतो." एवढं झालं की आम्ही एकमेकांना केळी द्यायचो.

मी तेव्हा हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगमध्ये होते. म्हणजे दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधायचा मला पगार मिळायचा. ती सवय मी बाकावर घेऊन आले. मी लक्षात ठेवायचे. एक जागा जुन्या नावाजलेल्या खेळाडूला जाते, ज्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं असतं आणि ज्याला बघायला लोक तिकीट काढतात. एक देशातल्या त्या वर्षीच्या विजेत्याला. एक अशा मुलाला, जो जाहिरातीत बरा दिसतो. आणि मुख्य स्पर्धेआधी होणाऱ्या पात्रता फेरीतली एखादी जागा स्पर्धा ज्या गावात असेल त्या गावच्या पोराला, कारण त्याचे नातेवाईक आले की खुर्च्या भरतात. याशिवाय खुणा असायच्या. पासपोर्टची प्रत कुणाकडून मागवली, कुणाचे कोच अचानक इस्त्रीचा शर्ट घालून यायला लागले. हे सगळं जमेला धरून मी अंदाज सांगायचे. ते सगळेच बरोबर यायचे असं नाही, पण जे यायचे ते लोकांच्या लक्षात राहतील याची काळजी मी घ्यायचे. हळूहळू बाकावर कुणी काही म्हणालं की दुसरा म्हणायचा, "थांबा, मॅडमना विचारू." मला ते फार आवडायचं.

बाकाच्या टोकाला एक बाई बसायची. यवतमाळकडची. नवरा तिकडे नोकरीला, आणि ही एकटी मुलाला घेऊन त्याच्या टेनिससाठी पुण्यात येऊन राहिली होती. तिचा मुलगा माझ्या मुलाच्याच वयाचा, त्याच कोचकडे शिकणारा. ती कधी अंदाज सांगत नसे. कुणी विचारलं तर म्हणायची, "आपल्याले काय समजते जी त्यातलं," आणि मुलाच्या मोज्यांच्या जोड्या लावत बसायची. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तिला घ्यायला हवं, असं आम्ही सगळे अधूनमधून म्हणायचो. घेतलं कुणीच नाही.

ती राहायची माझ्या दिरांच्या इमारतीत, भाड्याने. इथे सासरचं थोडं सांगायला हवं. माझं माहेर नारायण पेठेतलं आणि सासर बाणेरच्या पलीकडच्या गावातलं. गाव म्हणायचं ते आता सवयीने. हिंजवडीला कंपन्या आल्या तशी आमच्याकडची ज्वारीची शेतं गेली आणि तिथे इमारती उभ्या राहिल्या. माझा नवरा इंजिनिअर झाला, त्याचा धाकटा भाऊ बिल्डर झाला. आमची ओळख कॉलेजातली. लग्न करून मी त्या घरात गेले तेव्हा माहेरच्यांनी आणि सासरच्यांनी एकमेकांकडे संशयाने पाहिलं आणि मग दोघांनी मिळून माझ्याकडे.

सासरी मला एका गोष्टीची फार लाज वाटायची, ती म्हणजे फ्लेक्स. कुणी दहावी झालं, फ्लेक्स. कुणाचा वाढदिवस, फ्लेक्स. एका चुलत सासऱ्यांचं हर्नियाचं ऑपरेशन यशस्वी झालं तेव्हाही चौकात त्यांचा गॉगल घातलेला फोटो लागला होता. वर मोठा फोटो, खाली 'शुभेच्छुक' असं लिहून भावकीतल्या सगळ्या पुरुषांचे छोटे छोटे चेहरे ओळीने. माझ्या माहेरी दारावर पाटी लावायची ती लोकांना लांब ठेवण्यासाठी. इथे चौकात फ्लेक्स लावायचे ते लोकांना बोलवण्यासाठी, हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मी नुसती टिंगल करायचे. ऑफिसात जेवताना मी सासरच्या फ्लेक्सची वर्णनं करायचे आणि टेबल हसायचं.

मुलगा बारावी झाला त्याच्या पुढच्या वर्षी पुण्यात मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा आली. ज्यांना आम्ही टीव्हीवर बघायचो त्यातले काही जण आमच्या घरापासून पायी जाण्याइतक्या अंतरावरच्या स्टेडियममध्ये खेळणार होते. मुख्य स्पर्धेची तीन वाईल्ड कार्डं आणि पात्रता फेरीची दोन. मुलाच्या डोक्यात त्या दोनांतल्या एकाशिवाय काही उरलं नाही.

बारावीनंतर त्याने एक वर्ष टेनिससाठी मागून घेतलं होतं आणि ते संपत आलं होतं. त्याच्या बाबांनी त्याला समोर बसवलं. म्हणाले, "हे वाईल्ड कार्ड मिळालं तर आणखी एक वर्ष खेळ. मी एक शब्द बोलणार नाही. नाही मिळालं तर रॅकेट ठेवायची आणि इंजिनिअरिंगचा क्लास लावायचा. तूही एक शब्द बोलायचा नाहीस." मुलगा म्हणाला, "चालेल." अगदी चटकन म्हणाला. तो माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली. मी मान हलवली म्हणजे मिळणार, असा त्याने अर्थ घेतला, आणि खरं सांगायचं तर मीही त्याच अर्थाने हलवली होती.

माझा हिशेब पक्का होता. मुख्य स्पर्धेची तीन नावं मी बाकावर आधीच जाहीर केली होती. पात्रता फेरीचं एक कार्ड राष्ट्रीय ज्युनिअर विजेत्याला जाणार, हेही. उरलं एक, ते गावच्या पोराला. आणि गावचं पोर माझ्या पोराइतकं दुसरं कोण होतं? त्याचे पणजोबा त्या स्टेडियमपासून हाकेच्या अंतरावर बैल चारायचे. बाईचा मुलगा वर्षभरात बरा खेळायला लागला होता, दोनदा त्याने माझ्या मुलाला हरवलंही होतं. पण तो यवतमाळचा. माझ्या रकान्यात तो बसतच नव्हता.

त्यातच स्पर्धेच्या कार्यालयातून फोन आला. मुलाच्या पासपोर्टची प्रत पाठवा आणि टी-शर्टचं माप सांगा. मी कशासाठी म्हणून विचारलंसुद्धा नाही. खूण ओळखू आल्यावर कोण विचारतं?

त्या रविवारी जेवायला दीर आले होते. ताटावर बसल्या बसल्या त्यांनी विचारलं, "वहिनी, पोराचं ते वाईल्ड कार्ड काय म्हणतंय? हाय का न्हाय? तुमाला आदी कळतं म्हनत्यात सगळी."

मी भाकरी वाढता वाढता म्हटलं, "मिळाल्यात जमा आहे, भाऊजी."

नवऱ्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. दिरांनी आणखी एक भाकरी मागून घेतली.

दोन दिवसांनी संध्याकाळी मी कंपनीच्या बसने परत येत होते. आमच्या चौकाच्या सिग्नलला बस थांबली. माझ्यामागे बसलेली मुलगी म्हणाली, "मॅम, हा तुमचा मुलगा ना?" मी बाहेर पाहिलं. अख्ख्या चौकाला दिसेल असा फ्लेक्स. माझा मुलगा चुलत बहिणीच्या लग्नातल्या शेरवानीत, डोक्याला फेटा, आणि हातात छापणाऱ्याने चिकटवलेली रॅकेट, तीही बॅडमिंटनची. मागे डरकाळी फोडणारा वाघ. 'आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धेत वाईल्ड कार्ड मिळाल्याबद्दल आमच्या गावच्या वाघाचे हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुकांची रांग, त्यात दिरांचं दीड वर्षाचं बाळसुद्धा.

मला जागच्या जागी घाम फुटला. यादी लागलेलीच नव्हती. पण बसमधली माणसं उठून खिडकीशी आली, कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी म्हणालं पार्टी पाहिजे. आणि मी, जी रोज जेवताना याच फ्लेक्सवर लोकांना हसवायची, ती सगळ्यांना "थँक्यू, थँक्यू" म्हणत होते. एकदाही म्हटलं नाही की अजून काही जाहीर झालेलं नाही. मला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं. त्या दोन्ही गोष्टी एकाच वेळी होऊ शकतात, हे मला त्या सिग्नलला कळलं.

घरी पोचल्यावर मी दिरांना फोन केला. "अहो भाऊजी, यादी अजून यायची आहे."

"तुमीच म्हनला की, मिळाल्यात जमा हाय. मग यीलच की यादी. आज चांगला मुहूर्त व्हता, लावून टाकला."

"काढता नाही का येणार चार दिवस?"

"वहिनी, आपल्या पोराचा फोटू लावून परत उतरवायचा? लोक काय म्हनतील? लावलेला फ्लेक्स उतरवत नसत्यात. दुसरा लागंल तवाच जाईल त्यो."

मी फार वाद घातला नाही. यादी शनिवारी येणारच होती. मुलगा मात्र संतापला होता. "आई, कोच रोज त्या चौकातून येतात. काढायला सांग ना काकांना." मी म्हटलं, "राहू दे, चार दिवसांचा तर प्रश्न आहे." दुसऱ्या दिवसापासून तो सरावाला ओढ्याकडच्या कच्च्या रस्त्याने जाऊ लागला. सायकल चिखलाने भरलेली असायची. ती मी धुवून ठेवायचे, आणि त्या रस्त्याने का जातोस, हे विचारायचं टाळायचे.

शनिवारी दुपारी यादी आली. पालकांच्या ग्रुपवर बँकवाल्या आजोबांनी टाकली. खाली एकच ओळ होती. 'फ्लेक्सवाल्यांनी नोंद घ्यावी.'

मी यादी उघडली. मुख्य स्पर्धेची तीन नावं, माझीच तीन. पात्रता फेरीतलं पहिलं नाव, तेही माझं. आणि हे लिहिताना आजही मान खाली जाते, पण शेवटच्या ओळीवर नजर जायच्या आधी माझ्या मनात आलं ते हे, की पाचातली चार तर बरोबर आलीच. चहाचा घोट घ्यायला लागतो तेवढाच वेळ तो आनंद होता. पण तो झाला. मग मी पाचवी ओळ वाचली. तिथे यवतमाळच्या मुलाचं नाव होतं.

मुलाच्या खोलीचं दार बंद होतं. त्याच्याकडे फोन होता, म्हणजे त्याला कळलेलं होतं. मी दारापर्यंत गेले आणि परत आले. आत जाऊन मी त्याला काय सांगणार होते? अंदाज चुकला?

तेवढ्यात बेल वाजली.

दारात ती बाई उभी होती. ठेवणीतली साडी, केसांत गजरा, हातात पेढ्यांचा पुडा. आमच्या घरी ती कधी आली नव्हती. ऊन टाळत चालत आली असावी, डोक्यावरचा पदर अजून तसाच होता.

"अभिनंदन जी, ताई. फ्लेक्स तर मी परवाच पाह्यला. पण म्हणलं, रिकाम्या हातानं कसं जावं. आज सवड भेटली." आणि मग हळू आवाजात म्हणाली, "माह्यं पोट्टंही लय खूश झालं. म्हणे, आई, आपल्यातल्या एकाले तरी भेटलं."

मी तिथेच उभी. माझ्या एका हातात फोन, त्यावर यादी उघडलेली. तिला माहीत नव्हतं. ग्रुपवर आम्ही तिला घेतलंच नव्हतं, आणि तिचा मुलगा कोर्टवर होता, फोन बॅगेत ठेवून. आपल्याच मुलाला कार्ड मिळालंय हे न कळता ती माझ्या मुलासाठी पेढे घेऊन आली होती.

मला ते तोंडाने सांगवेना. मी फोनच तिच्यापुढे धरला. तिने यादी वाचली. इंग्रजी नावं ती बोटाने एकेक करून वाचायची, तशी वाचत खाली आली. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं. पुन्हा वरून वाचत आली. पुन्हा तिथेच थांबलं.

आता ती हसेल, असं मला वाटलं. हसली असती तर मला सोसलं असतं. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती होती. एखाद्या घरी गेल्यावर हातून काचेचं भांडं फुटावं, तशी ती उभी होती.

"काहीतरी चुकलं असंन जी," ती म्हणाली. "तुमच्या पोराचंच नाव असंन. तुम्ही जरा फोन करून विचारा ना त्याईले."

"नाही. चूक नाही," मी म्हटलं.

"मी बोलू का कोचशी? माह्या पोराले पुढच्या वर्षी भेटंन. त्याचं काय एवढं."

तिच्या मुलासाठी ती किती वर्षं घरदार सोडून एका खोलीत राहत होती, हे मला ठाऊक होतं. त्या सगळ्याचं फळ तिला आमच्या उंबरठ्यावर उभं राहून कळलं, आणि तिला हसायची चोरी झाली. कारण समोर मी होते. मालकांची वहिनी, मॅडम, जिला सगळं आधी कळतं. तिने पेढ्यांचा पुडा हळूच पदराआड घेतला. जणू तो आणणं हाच तिचा गुन्हा होता. मी एवढंही म्हणाले नाही, की बाई, आत या. अभिनंदन तर दूरच राहिलं.

आतून दार उघडल्याचा आवाज आला. मुलगा बाहेर आला. डोळे लाल होते, तोंड धुतलेलं. त्याने तिला वाकून नमस्कार केला.

"काकू, पेढे कुठे लपवताय? त्याचेच आहेत ते. द्या की."

ती पुडा उघडायला लागली, पण दोरा सुटेना. त्याने दोरा तोडला, एक पेढा स्वतः खाल्ला आणि एक तिच्या तोंडात घातला. तेव्हा कुठे ती रडली. मग म्हणाला, "चला, त्याला सांगायला जाऊ. मी सायकल काढतो." आणि त्या दुपारी तो तिला मागे बसवून कोर्टाकडे गेला. कच्च्या रस्त्याने नाही, चौकातून, स्वतःच्या फ्लेक्सखालून. मी गॅलरीतून बघत होते. त्या दिवशी त्यांच्याबरोबर जायला मला पाय होते, पण मी गेले नाही.

पासपोर्टची प्रत आणि टी-शर्टचं माप कशासाठी मागितलं होतं, ते दुसऱ्या दिवशी कळलं. बाहेरून आलेल्या खेळाडूंना सरावासाठी समोर उभं राहून खेळायला स्थानिक मुलं हवी होती. त्यांच्या पाससाठी ते मागवलं होतं. मुलाने ते काम घेतलं.

माझा सगळा जीव आता त्या फ्लेक्सपाशी अडकला होता. सोमवारी ऑफिसला मी सुट्टी टाकली, बस त्या सिग्नलला थांबते म्हणून. बाकावर जाणं बंद केलं. नवऱ्याने मला एका शब्दाने दुखावलं नाही. फक्त क्लासचं माहितीपत्रक आणून टेबलावर ठेवलं, आणि मुलाने ते करारात ठरल्याप्रमाणे काही न बोलता उचलून आत नेलं. दीर आले तेव्हा मी स्वयंपाकघरातच राहिले. ते बाहेर मुलाला म्हणत होते, "चुकलं रं माझं. वहिनी म्हनल्या म्हनून लावला." आणि मग, "आता कसं करायचं? उतरवला तर लोक हसत्यात, ठिवला तरी हसत्यात."

मुलगा म्हणाला, "काका, उतरवू नका. त्याच्यावर दुसरा लावा. त्याचा. तो आपल्याच बिल्डिंगमध्ये राहतो की."

दिरांनी विचारलं, "भाडेकरूचा?"

"हो. आणि मला खाली टाका. शुभेच्छुकांत."

चौथ्या दिवशी मला ऑफिसला जावंच लागलं. सिग्नलला मी डोळे मिटून बसायचं ठरवलं होतं, पण मागची मुलगी म्हणाली, "मॅम, आज तुम्हीपण!" मी डोळे उघडले. वाघ तोच होता, त्याच्यापुढे यवतमाळचा मुलगा, या वेळी हातात टेनिसचीच रॅकेट. 'आमच्या गावच्या वाघाचे' हे शब्द दिरांनी तसेच ठेवले होते. खाली रांगेत माझा मुलगा, फेट्यातला तोच फोटो कापून छोटा केलेला. आणि त्याच्या शेजारी मी. त्या गावात बायकांचे फोटो फ्लेक्सवर सहसा येत नाहीत. कुठल्याशा लग्नातला फोटो होता, नथ घातलेली, तोंडभर हसणारी मी. शुभेच्छुक.

दिरांनी मला वाचवायला तसं केलं होतं, हे मला कळत होतं. वहिनीने आधीपासून त्याच पोराचं नाव सांगितलं होतं, असं ते गावात सांगत होते म्हणे. ज्यांच्यावर मी टेबलभर लोकांना हसवलं, त्यांनी माझी चूक स्वतःच्या अंगावर घेतली होती. हिंजवडी येईपर्यंत मी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले.

पात्रता फेरीच्या सामन्याला मुलाने मला ओढून नेलं. तो स्वतः खाली कोर्टाशेजारी कोचबरोबर बसला होता, पास गळ्यात घालून. माझ्या शेजारची खुर्ची तिची होती. दारातल्या त्या भेटीनंतर आम्ही भेटलोच नव्हतो. मी काय बोलावं हे ठरवत होते तेवढ्यात तिनेच माझा हात धरला.

"ताई, तुमचा फोटो पाह्यला जी. पोराच्या बाबाले पाठोला, माहेरी सगळ्याईले पाठोला. म्हणलं पाहा, मी म्हणत होती ना, पुण्यात आपलं कोणी नाही? हे पाहा आपले मानसं." तिने फोन काढून मला दाखवला. तिने तेवढाच भाग मोठा करून ठेवला होता, रांगेतला माझा हसरा चेहरा.

मला बसल्या जागी मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिला सांगावंसं वाटलं, की बाई, तो फोटो मी दिलेला नाही. त्यात मी तुझ्या मुलासाठी हसत नाहीये. तू दारात उभी होतीस तेव्हा मी होते ती खरी, ही नव्हे. पण तिने तो फोटो गावोगाव पाठवला होता. आता तो खोटा आहे हे सांगून मी कुणाचं भलं करणार होते? माझं, फार तर.

समोर तिचा मुलगा हरत होता. पहिला सेट गेला होता, दुसऱ्यात एक-चार. तो हातरुमालाने तोंड पुसत खुर्चीकडे निघाला. मला वाटलं आत्ता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही. मी तिचा हात घट्ट धरून म्हटलं, "अभिनंदन. मनापासून. त्या दिवशी राहिलं होतं."

तिने माझ्याकडे वळून पाहिलं. तिला काही उमजेना.

"आता जी?" ती म्हणाली. "आता तर हरून राह्यला तो."

मागच्या रांगेतून कुणीतरी आम्हाला गप्प बसायला सांगितलं. खाली माझा मुलगा टाळ्या वाजवत होता, एकटाच, प्रत्येक पॉइंटला, गेलेल्यासुद्धा. क्लास सोमवारपासून सुरू होणार होता. मी पर्समधून पाण्याची बाटली काढली आणि झाकण उघडून तिच्यापुढे धरली.